पेपर कसा वाचावा: ऑर्बिटा, १६.६ सेकंद आणि माझी एक चूक



पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "नुकताच वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यातल्या उणिवा सांगा." पहिला भाग आपण पाठ करून जातो. दुसऱ्या भागाला गाडी अडते. मग सगळ्यांचं एक रामबाण वाक्य बाहेर येतं: "सर, सॅम्पल साइझ लहान होता." समितीतले सर मान हलवतात, आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. पण पेपरची समीक्षा म्हणजे हे नव्हे.

आज मी एका गाजलेल्या पेपरची समीक्षा करणार आहे. त्याचं नाव ऑर्बिटा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातल्याने अँजायनाच्या रुग्णाला नेमका किती फायदा होतो, हे तपासणारी ही चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. हाच पेपर निवडायचं कारण सरळ आहे. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी तो सादर केला होता. टाळ्या मिळाल्या होत्या. आणि तो मी चुकीचा वाचला होता. त्या चुकीची किंमत माझ्या घरातल्या माणसाने मोजली.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझी पीएचडी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर आहे, आणि माझे 'रुग्ण' पेट्री डिशमध्ये राहतात. त्यामुळे हा लेख वाचून कुणी स्वतःची गोळी सुरू किंवा बंद करू नये. लेख पेपर वाचण्याबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

हृदय हा स्नायू आहे, आणि त्यालाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी आणि दाहाच्या पेशी साठून गाठी तयार होतात. वाहिनी अरुंद होते. बसल्याजागी पुरेसं रक्त मिळतं, पण जिना चढताना मागणी वाढते आणि पुरवठा वाढत नाही. छातीवर दडपण येतं, थांबलं की काही मिनिटांत जातं. हा स्थिर अँजायना. आपल्या बोलीत 'ब्लॉकेज आहे' म्हणतात तो बहुतेक वेळा हा.

हृदयविकाराचा झटका ही वेगळी घटना आहे. तिथे बहुतेक वेळा अशी एखादी गाठ फाटते, तिच्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाहिनी अचानक बंद होते. फाटणारी गाठ आधी खूप मोठी असतेच असं नाही. म्हणजे 'हळूहळू बुजणारा नळ' हे चित्र अर्धंच खरं आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झटका आलेला असताना बंद वाहिनी लवकरात लवकर उघडणं जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. वाद स्थिर अँजायनाबद्दल होता. तिथे स्टेंटमुळे आयुष्य वाढतं का? २००७ साली करेज नावाच्या चाचणीत २,२८७ रुग्ण होते. अर्ध्यांना औषधं, अर्ध्यांना औषधं आणि अँजिओप्लास्टी. सरासरी साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा झटक्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं: १९.० आणि १८.५ टक्के. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, ठीक आहे, आयुष्य वाढत नसेल, पण दुखणं तर कमी होतं ना? रुग्ण स्वतः सांगतात.

आता संशोधक म्हणून इथे तुमचे कान टवकारले पाहिजेत. रुग्ण स्वतः सांगतात, पण त्या रुग्णाला माहीत असतं की आपल्या हृदयात स्टेंट बसलाय.

१९५९ची आठवण

हा प्रश्न नवा नव्हता. १९५०च्या दशकात अँजायनासाठी एक शस्त्रक्रिया चालायची. छातीच्या आतल्या बाजूने जाणारी एक धमनी बांधून टाकायची, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल अशी कल्पना. रुग्णांना आराम पडायचा. १९५९मध्ये लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर चाचणी केली. काहींची धमनी खरोखर बांधली, काहींच्या त्वचेवर फक्त चीर दिली. रुग्णांना कळू दिलं नाही. आराम दोन्ही गटांना पडला. पुढच्याच वर्षी १८ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही तसंच दिसलं, आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली.

सतराच रुग्ण होते! 'सॅम्पल साइझ लहान' म्हणून ही चाचणी तुम्ही फेकून दिली असती का? लहान चाचणीही योग्य तुलना केली तर मोठं काम करते. उलट चुकीच्या गटाशी तुलना केलेली हजारोंची चाचणी दिशाभूल करू शकते.

ऑर्बिटाने काय केलं

लंडनमधल्या रशा अल-लमी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न स्टेंटला विचारला. ब्रिटनमधली पाच केंद्रं. एकाच रक्तवाहिनीत ७० टक्के किंवा त्याहून जास्त अडथळा असलेले, स्थिर अँजायनाचे रुग्ण. २३० जण घेतले. पहिले सहा आठवडे फक्त औषधं बसवण्यात घालवले. त्यातून पुढे २०० जणांची लॉटरी पद्धतीने वाटणी झाली: १०५ जणांना स्टेंट, ९५ जणांना प्लासिबो.

प्लासिबो कसा दिला हे वाचण्यासारखं आहे. सगळ्यांना कॅथ लॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावून संगीत सुरू ठेवलं. प्लासिबो गटातल्या रुग्णालाही किमान १५ मिनिटं टेबलावरच ठेवलं. नंतर त्यांची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांनाही कोणाला काय मिळालं हे सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं.

निकाल असा: स्टेंट गटाची चालण्याची वेळ सरासरी २८.४ सेकंदांनी वाढली, प्लासिबो गटाची ११.८ सेकंदांनी. फरक १६.६ सेकंद. पी-व्हॅल्यू ०.२००. म्हणजे संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही.

जगभर खळबळ उडाली. 'लॅन्सेट'मध्येच सोबत छापलेल्या टिप्पणीने शीर्षकातच विचारलं की हा शवपेटीवरचा शेवटचा खिळा आहे का. आपल्याकडे त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७मध्ये, सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली होती. औषध सोडणाऱ्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, साध्यासाठी ७,२६०. आमच्या घरातल्या गप्पांत या दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळल्या, आणि 'स्टेंट म्हणजे नुसती लूट' असं एक तिसरंच वाक्य तयार झालं.

माझी स्लाइड, आणि आतोबा

जर्नल क्लबमधली माझी शेवटची स्लाइड मला अजून आठवते. मोठ्या अक्षरात: 'स्थिर अँजायनात स्टेंटचा उपयोग नाही.' खाली लाल रंगात पी बरोबर ०.२०. मॅडम म्हणाल्या, "छान, ठाम निष्कर्ष." आणि उणिवा विचारल्यावर मी काय म्हणाले असेन? बरोबर. सॅम्पल साइझ.

त्या दिवाळीत आम्ही बार्शीला आत्याकडे गेलो. आतोबा तेव्हा ६१ वर्षांचे. गच्चीचा जिना चढताना छातीवर दडपण येतं, थांबलं की जातं, असं वर्षभर चाललेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं होतं. आतोबा टाळत होते. आत्या म्हणाली, "अहो, ही विज्ञान शिकलीय, हिला तरी विचारा."

आणि मी सांगितलं. लाडू खात खात, मोबाइलवर आलेख दाखवून. "आतोबा, यावर लंडनला मोठा अभ्यास झालाय. खोटी अँजिओप्लास्टी केली तरी तेवढाच फरक पडतो."

आतोबा खूश झाले. "बघ, मी म्हणत नव्हतो? सगळे पैसे काढायचे धंदे."

मी म्हणाले होते 'स्टेंटने फारसा फरक पडत नाही.' त्यांनी ऐकलं 'उपचारांची गरज नाही.' अँजिओग्राफी राहिली ती राहिलीच, पण त्यांनी त्या डॉक्टरांकडे जाणंही सोडलं. रक्तदाबाची गोळी आठवण झाली तर. कोलेस्टेरॉलची गोळी संपली ती पुन्हा आणलीच नाही. तंबाखूचा विषय मी काढलाच नव्हता, कारण पेपरमध्ये तो नव्हता.

फेब्रुवारीत एका पहाटे बसल्याजागी छातीत कळ आली. घाम फुटला. आतोबा म्हणाले, "गॅस झालाय." ओवा खाल्ला, सोडा प्यायले. आत्याने दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा म्हणाले, "पोरगी सांगून गेलीय ना, त्यात काही अर्थ नसतो." दुपारी मुलगा कामावरून आला आणि कुणाचं न ऐकता गाडीत घालून सोलापूरला घेऊन गेला. झटका होता. बंद वाहिनी उघडून स्टेंट घातला. जीव वाचला. पण मधल्या सात-आठ तासांत हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा गेला होता. टूडी इकोमध्ये पंपिंग ४० टक्के.

आत्याने मला कधी बोल लावला नाही. आतोबांनीही नाही. म्हणूनच मी तो पेपर पुन्हा काढला. या वेळी सारांश सोडून पहिल्या पानापासून.

दुसरं वाचन: चार प्रश्न

*पहिला प्रश्न: चाचणीत कोण होतं, आणि दारातूनच कोण परत गेलं?*

ऑर्बिटातल्या प्रत्येकाची अँजिओग्राफी झाली होती. अडथळा कुठे आहे, किती आहे, एकाच वाहिनीत आहे हे माहीत होतं. झटका आलेले, नुकताच त्रास वाढलेले, अनेक वाहिन्यांत अडथळे असलेले रुग्ण त्यात नव्हते. तपासणीच न झालेला माणूस या चाचणीत बसतच नाही. आतोबांना कुठल्या वाहिनीत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी त्यांना निकाल लावून मोकळी झाले होते.

आणि फेब्रुवारीतली ती पहाट? ती तर चाचणीच्या पूर्ण बाहेरची होती. बसल्याजागी दुखणं, घाम, न थांबणारी कळ हा स्थिर अँजायना नव्हेच. तिथे स्टेंटबद्दलचा पुरावा वेगळा आहे, आणि तो स्टेंटच्या बाजूचा आहे.

पेपर वाचताना 'पात्रतेचे निकष' हा परिच्छेद आपण सगळ्यात आधी गाळतो. तो कंटाळवाणा असतो. पण निष्कर्ष कुणाला लागू आहे याचा पत्ता तिथेच लिहिलेला असतो.

*दुसरा प्रश्न: तुलना कशाशी?*

माझी खरी चूक इथे होती. मी समजत होते की ऑर्बिटाने 'स्टेंट' विरुद्ध 'काहीच नाही' अशी तुलना केली. पद्धतीचा भाग नीट वाचा. त्या पहिल्या सहा आठवड्यांत हृदयरोगतज्ज्ञ प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून एक ते तीन वेळा स्वतः फोन करत होते. रक्तदाब किती, नाडी किती, दुखतं का, गोळीने चक्कर येते का. त्यानुसार डोस वाढवत होते, औषध बदलत होते. वाटणी झाली तेव्हा रुग्ण सरासरी अँजायनाच्या जवळपास तीन औषधांवर होते.

म्हणजे प्लासिबो गट हा उपचार न मिळालेला गट नव्हता. त्याला अतिशय उत्तम औषधोपचार मिळत होता. ऑर्बिटाचा प्रश्न असा होता: इतके चांगले औषधोपचार चालू असताना, वरून स्टेंट घातला तर सहा आठवड्यांत आणखी किती फायदा होतो?

आता हा प्रश्न बार्शीत नेऊन ठेवा. आठवड्यातून तीनदा फोन करणारा हृदयरोगतज्ज्ञ कुठे आहे? महिन्याची गोळी महिनाभर पुरवून खाणारे किती? ज्याचे औषधोपचारच अर्धवट आहेत, त्याला ऑर्बिटाचा निकाल सांगणं म्हणजे पोटभर जेवलेल्या माणसावर केलेला प्रयोग उपाशी माणसाला लागू करण्यासारखं आहे.

कंट्रोल गट म्हणजे 'काहीच नाही' असं समजू नका. कंट्रोल गटाला काय मिळालं, हाच निकालाचा अर्धा अर्थ असतो.

*तिसरा प्रश्न: मोजलं काय?*

मुख्य मोजमाप होतं ट्रेडमिलवरचे सेकंद. का? कारण ते वस्तुनिष्ठ आहे आणि अँजायनाची औषधंही आजवर याच मापाने तपासली गेली. बाजू समजण्यासारखी आहे. पण ट्रेडमिलवर माणूस फक्त छातीत दुखतं म्हणून थांबत नाही. गुडघा दुखतो म्हणून थांबतो, दम लागला म्हणून थांबतो, सवय नसते म्हणून थांबतो. रुग्णाला सेकंद नको असतात, त्याला जिना हवा असतो.

त्याच पेपरमध्ये ताण देऊन केलेल्या इकोत स्टेंट गटाच्या हृदयाची हालचाल जास्त सुधारलेली दिसली होती. म्हणजे रक्तपुरवठा खरंच सुधारला होता. २०१८मध्ये त्याच गटाने पुढचं विश्लेषण छापलं. अँजायना पूर्ण थांबला असं सांगणारे स्टेंट गटात ४९.५ टक्के होते, प्लासिबो गटात ३१.५. हे दुय्यम मोजमाप आहे, त्यावर मुख्य निष्कर्ष बांधता येत नाही, हे मान्य. पण 'उपयोग नाही' ही माझी स्लाइड त्यासमोर उभी राहते का? नाही राहत.

उलट बाजूही बघा. प्लासिबो गटातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचाही अँजायना गेला. त्यांना फक्त गोळ्या, फोन आणि एक खोटी प्रक्रिया मिळाली होती. कंट्रोल गट नसता तर त्या सगळ्यांचं श्रेय स्टेंटने खाल्लं असतं.

*चौथा प्रश्न: 'लक्षणीय नाही' म्हणजे 'नाही' का?*

१६.६ सेकंदांभोवतीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ८.९ ते अधिक ४२.० असा आहे. चाचणीची आखणी करताना संशोधकांनी गृहीत धरलं होतं की ३० सेकंदांचा फरक पकडता आला पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक गटात १०० रुग्ण लागतील. आता बघा, ३० हा आकडा त्या इंटरव्हलच्या आतच बसतो. म्हणजे ज्या फरकाचा शोध घ्यायला निघाले होते, तो फरक निकालाने नाकारलेला नाही. शून्यही नाकारलेलं नाही. प्रामाणिक वाक्य एवढंच: फायदा असला तर तो लोक समजत होते तेवढा मोठा दिसत नाही, आणि तो नेमका किती हे या चाचणीवरून ठामपणे सांगता येत नाही. हे वाक्य स्लाइडवर लाल रंगात शोभत नाही. पण बरोबर आहे.

'सॅम्पल साइझ लहान' या वाक्याला खरा अर्थ येतो तो इथे. कशासाठी लहान, हे सांगता आलं पाहिजे. इंटरव्हल दाखवा, त्यात काय काय मावतं ते सांगा. नुसतं लहान म्हणणं ही समीक्षा नव्हे, सवय आहे.

अजून एक बारकावा, संख्याशास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी मुद्दाम वाचा. सुरुवातीलाच दोन गट सारखे नव्हते. स्टेंट गट चाचणीआधी सरासरी ५२८ सेकंद चालत होता, प्लासिबो गट ४९०. हे केवळ वाटणीच्या योगायोगाने झालं. पेपरमध्ये प्रत्येकाची 'नंतरची वेळ वजा आधीची वेळ' काढून त्या वाढींची तुलना केली आहे. पण पहिल्या चाचणीत ज्याला नशिबाने जास्त गुण पडले, त्याचे दुसऱ्या चाचणीत वाढायला जागा कमी असते, हे आपण वर्गात पाहतोच. नुसती वजाबाकी हे लक्षात घेत नाही. अँड्र्यू गेलमन, जॉन कार्लिन आणि ब्रह्मजी नल्लामोथू यांनी सुरुवातीच्या वेळेचा हिशेब धरून हेच आकडे पुन्हा तपासले. फरक साधारण २१ सेकंद आला, पी-व्हॅल्यू ०.०९च्या आसपास. अजूनही ०.०५च्या वरच. पण एकाच आकडेवारीतून ०.२० आणि ०.०९ दोन्ही निघतात, तर ०.०५च्या रेषेवर देव बसवून पूजा करण्यात काय अर्थ आहे?

मग त्याच गटाने काय केलं

मला या संशोधकांबद्दल आदर वाटतो तो यासाठी की टीका ऐकून त्यांनी भांडत बसण्यापेक्षा पुढची चाचणी केली. ऑर्बिटा-२, नोव्हेंबर २०२३, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'. १४ केंद्रं, ३०१ रुग्ण, १५१ स्टेंट आणि १५० प्लासिबो, कालावधी १२ आठवडे. या वेळी दोन गोष्टी बदलल्या. अँजायनाची औषधं आधीच थांबवली. (फक्त दुखणं कमी करणारी. गुठळी होऊ न देणारी औषधं चालूच होती. हा फरक विसरून कुणी घरी प्रयोग करू नका.) आणि मुख्य मोजमाप बदललं. रुग्ण रोज मोबाइलवर आपल्या दुखण्याची नोंद करत होता, त्यातून लक्षणांचा गुणांक काढला.

निकाल उलटा आला. गुणांक स्टेंट गटात २.९, प्लासिबो गटात ५.६. कमी म्हणजे चांगला. ट्रेडमिलवर फरक ५९.५ सेकंद. स्टेंट, प्रक्रिया, हेडफोन सगळं साधारण तेच. बदललं ते मुख्यतः कंट्रोल गटाच्या पोटात काय आहे ते.

मग पहिली चाचणी खोटी ठरली का? अजिबात नाही. दोन्ही खऱ्या आहेत, कारण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. भरपूर औषधं चालू असताना स्टेंटची भर थोडी. औषधं नसताना स्टेंटचा फायदा स्पष्ट. आणि तरीही, ऑर्बिटा-२मध्येसुद्धा स्टेंट घातलेल्या दर पाच जणांपैकी साधारण तिघांना काही ना काही अँजायना उरलाच होता. म्हणजे 'ब्लॉकेज काढलं, आता ठणठणीत' हेही खरं नाही.

आयुष्य वाढण्याच्या प्रश्नाला २०२० साली इस्केमिया चाचणीने पुन्हा हात घातला. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात एका गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. पण इथेही दारात कोण अडवलं ते वाचा: डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची पंपिंग फार कमी झालेले, नुकताच झटका येऊन गेलेले. आणि डाव्या मुख्य वाहिनीचा अडथळा वगळण्यासाठी बहुतेकांचा आधी सीटी स्कॅन झाला होता. आधी तपासणी, मग 'स्टेंट थांबवला तरी चालेल.' माझ्या दिवाळीच्या सल्ल्यात हा क्रमच उलटा होता.

ऑर्बिटावर माझा अभिप्राय

आखणी उत्तम. शस्त्रक्रियांनाही प्लासिबो लावून तपासता येतं हे तिने पुन्हा दाखवून दिलं, ही तिची मोठी देणगी. उणिवा तीन. मोजमाप रुग्णाच्या जगण्यापासून थोडं दूरचं, कालावधी फक्त सहा आठवडे, आणि वाढींची साधी तुलना सुरुवातीच्या फरकाला न्याय न देणारी. पण सगळ्यात मोठी उणीव पेपरमध्ये नव्हतीच, ती वाचणाऱ्यांत होती. संशोधकांनी कंट्रोल गटाला काय दिलं ते स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही वाचलं नाही.

आणि यातून हृदयविकाराबद्दल काही घ्यायचं असेल तर माझ्या मते ते हे: या सगळ्या चाचण्यांत दोन्ही गटांना मिळालेली एक गोष्ट कधीच मथळ्यात आली नाही, कारण ती दोन्हीकडे सारखी होती. रोजच्या गोळ्या, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवर लक्ष, तंबाखू-सिगारेट बंद करण्यासाठी पाठपुरावा. तुलनेत ती कापली जाते, म्हणून दिसत नाही. स्टेंट त्या एका जागेवर काम करतो, आजार मात्र सगळ्या वाहिन्यांत असतो. स्टेंट घातला तरी गोळ्या चुकत नाहीत, आणि नाही घातला तरी चुकत नाहीत. आणि बसल्याजागी छातीत दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ असेल तर गॅस आहे की नाही हे ठरवायचं काम आपलं नाही. १०८ला फोन करायचा. मधुमेहींमध्ये तर कळ न येता नुसती धापही लागू शकते.

मुलाखतीला जाताना

पुढच्या वेळी 'उणिवा सांगा' म्हटलं की या चार प्रश्नांनी सुरुवात करा. कोण आत, कोण बाहेर? तुलना कशाशी? मोजलं काय? अनिश्चितता किती? एक सराव करा. आपल्या विषयातला एक पेपर घ्या, सारांश झाकून ठेवा, आणि फक्त पद्धतीचा भाग वाचून कंट्रोल गटाचं वर्णन पाच ओळींत लिहा. प्रयोग उंदरांवर असो, पेशींवर असो वा पिकांवर. माझ्या पेट्री डिशमध्येही 'कंट्रोल' म्हणून लिहिलेल्या पेशींना सीरम मिळतच असतं. मग सारांश उघडून बघा, निष्कर्षातल्या वाक्यात त्या पाच ओळींपैकी किती उरल्यात.

आतोबा आता ठीक आहेत. जिना हळू चढतात. तंबाखू सुटली, ती आत्याच्या धाकाने. गेल्या दिवाळीत त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला, सात दिवसांचे सात कप्पे, आणि म्हणाले, "हं, आता सांग, यावर काय अभ्यास झालाय तुझ्या लंडनला?"

मी सांगितलं. या वेळी दुसऱ्या गटाला काय दिलं होतं, तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "आतोबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी बंद करायची नाही. मी सांगितलं तरी."